लोक ज्या हॉटेलात भूत शोधायला जातात, त्याच्या मालकाची खरी गोष्ट भुतापेक्षा भारी आहे

यूट्यूबवर झपाटलेली हॉटेलं असं काही शोधलंत, तर एक नाव हमखास समोर येतं. गोल्डफील्ड हॉटेल, नेवाडा, अमेरिका.

चार मजली दगडविटांची इमारत. आजूबाजूला वाळवंट. आत कुणी राहत नाही. १९४५ च्या सुमारास दारं बंद झाली, त्यानंतर या हॉटेलात एकही पाहुणा पैसे देऊन झोपलेला नाही. भूत शोधणारे टीव्ही शो मात्र इथे रात्ररात्र कॅमेरे लावून बसलेत.

गोष्ट अशी सांगतात की, जॉर्ज विंगफिल्ड नावाचा एक बडा सोनेखाण मालक होता. हे हॉटेल त्याचं. एलिझाबेथ नावाच्या एका तरुणीला त्याच्यापासून दिवस गेले. बोभाटा होऊ नये म्हणून त्याने तिला १०९ नंबरच्या खोलीत रेडिएटरला साखळीने बांधून ठेवलं. मूल झाल्यावर ते खाणीच्या विहिरीत फेकलं, आणि तीही मेली. तेव्हापासून ती रात्री बाळाला हाका मारत फिरते.

अंगावर काटा येतो. व्हिडिओला लाखोंनी व्ह्यूज पण येतात.

फक्त एक अडचण आहे. या गोष्टीला कागदावरचा आधार सापडत नाही. आणि तारखा लावून बघितल्या तर गोष्ट स्वतःच लंगडी पडते. ते पुढे येईलच.

पण विंगफिल्ड नावाचा माणूस शंभर टक्के खरा होता. त्याचं आयुष्य बघितलं की हे हॉटेल का ओस पडलं, हे गाव का रिकामं झालं, आणि अख्ख्या काउंटीत रिकाम्या इमारती का उभ्या आहेत, याचं उत्तर मिळतं. त्या उत्तरात भूत कुठेच येत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. गोल्डफील्ड ज्या काउंटीत आहे तिचं नाव एस्मेराल्डा. आकाराने आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा किंचित लहान. साताऱ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३० लाख होती. एस्मेराल्डाची २०२० च्या जनगणनेत किती भरली, तर ७२९. हजार नाही, लाख नाही. सातशे एकोणतीस माणसं. आपल्याकडे एखाद्या लग्नाला याहून जास्त पंगत उठते.

या काउंटीचं मुख्य ठिकाण गोल्डफील्ड. १९०७ च्या आसपास इथे सुमारे २० हजार लोक राहत होते. तेव्हा हे नेवाडा राज्यातलं सगळ्यात मोठं शहर होतं. लास वेगास त्या वेळी रेल्वेच्या बाजूला नुकतं वसलेलं छोटं गाव होतं.

आता विंगफिल्डकडे येऊ.

जन्म १८७६ चा, आर्कान्सा राज्यातला. पण लहानपण गेलं ओरेगॉनमध्ये. घरची गुरं. पोरगा लहानपणापासून घोड्यावर. तरुण झाल्यावर गुरांचे कळप हाकत हाकत तो नेवाडात आला आणि तिथेच रमला.

पण गुरं हाकून पोट भरतं, पैसा होत नाही. विंगफिल्डला पैसा दिसला तो पत्त्यांच्या टेबलावर. तोंडावर काहीही न दाखवता शांत बसायचं, समोरचा काय करतोय ते बघायचं आणि वेळ आली की डाव टाकायचा, हे त्याला जमायचं. बोलायचा कमी. ही सवय आयुष्यभर राहिली.

याच काळात विनेमक्का गावातला एक बँकर त्याच्या आयुष्यात आला. नाव जॉर्ज निक्सन. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या निक्सनशी याचा संबंध नाही, हा वेगळा. विंगफिल्ड बँकेत गेला, बोटातली हिऱ्याची अंगठी काढून गहाण ठेवायला पुढे केली, आणि तिथून मैत्री झाली अशी दंतकथा सांगतात. अंगठीचं खरंखोटं सोडा. निक्सनने या जुगारी पोरावर विश्वास टाकला आणि पैसा लावला, एवढं पक्कं आहे.

१९०० साली नेवाडाच्या वाळवंटात टोनोपा नावाच्या ठिकाणी चांदी सापडली. विंगफिल्ड १९०१ मध्ये तिथे पोचला. पण कुदळ घेऊन खणायला नाही. तो बसला जुगाराच्या अड्ड्यावर. फॅरो नावाचा पत्त्यांचा खेळ तेव्हा जोरात होता, तो खेळ चालवणारा डीलर म्हणून.

हिशोब सोपा होता. खाणीत उतरणाऱ्याला चांदी सापडेल की नाही याची खात्री नाही. पण सापडली तर तो संध्याकाळी टेबलावर येणार, याची मात्र खात्री आहे. टेबलावरून आलेला पैसा विंगफिल्डने पुन्हा टेबलावर लावला नाही. तो खाणींच्या शेअर्समध्ये टाकत गेला.

मग आला डिसेंबर १९०२. टोनोपाच्या दक्षिणेला ४० किलोमीटरवर दोन तरुणांना सोन्याचा दगड सापडला. त्यांनी जागेचं नाव ठेवलं ग्रँडपा, म्हणजे आजोबा. पुढे नाव बदललं आणि झालं गोल्डफील्ड.

सुरुवातीची एक-दोन वर्षं तंबूंची वस्ती होती. मग दगडातलं सोनं किती आहे हे कळायला लागलं आणि माणसं तुटून पडली. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये तर गावाने जागतिक दर्जाची बॉक्सिंगची लढत भरवली. जो गॅन्स विरुद्ध बॅटलिंग नेल्सन. गॅन्स हा कृष्णवर्णीय विजेता. भर उन्हात लढत ४२ फेऱ्या चालली आणि गॅन्स जिंकला. लढत भरवायचं कारण खेळावरचं प्रेम वगैरे नव्हतं. देशभरातल्या पेपरात गोल्डफील्डचं नाव छापून यावं आणि लोकांनी इथल्या खाणींचे शेअर्स घ्यावेत, हा डाव होता. बक्षिसाची सोन्याची नाणी लोकांना दिसतील अशी मांडून ठेवली होती.

त्याच वर्षी विंगफिल्डने आपला सगळ्यात मोठा डाव टाकला.

तोपर्यंत गोल्डफील्डमध्ये एक पद्धत होती. खाणीचा मालक जमिनीचे छोटे तुकडे करायचा आणि ते ठराविक मुदतीसाठी भाड्याने द्यायचा. भाडेकरू स्वतः खणायचा, सापडेल त्यातला वाटा मालकाला द्यायचा. या पद्धतीत शेकडो छोट्या लोकांना नशीब आजमावता यायचं. गावातली गर्दी, दुकानं, खानावळी, दारूचे गुत्ते, सगळं या छोट्या लोकांच्या जिवावर चालायचं.

विंगफिल्ड आणि निक्सन यांनी एकेक करत मोठ्या खाणी ताब्यात घेतल्या आणि १९०६ च्या शेवटी सगळ्या एका कंपनीत गोळा केल्या. गोल्डफील्ड कन्सॉलिडेटेड माइन्स कंपनी. कागदावरचं भांडवल ५ कोटी डॉलर. विंगफिल्डचं वय तेव्हा ३०.

पाच वर्षांपूर्वी पत्ते वाटणारा माणूस आता शहरातल्या बहुतेक चांगल्या खाणींचा मालक होता. निक्सन तोपर्यंत अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसला होता. एकाकडे वॉशिंग्टन, दुसऱ्याकडे वाळवंट.

आता येतो तो भाग, जो भुताच्या व्हिडिओत कधीच येत नाही. खाणकामगार.

गोल्डफील्डचं खनिज इतकं श्रीमंत होतं की खिशात मावेल एवढ्या दगडातसुद्धा चांगले पैसे असायचे. त्यामुळे कामगार शिफ्ट संपली की दगड घेऊन वर यायचे. कपड्यांना आतून चोरखिसे शिवलेले असायचे. गावात हा माल विकत घेणारी दुकानंही उघडपणे चालायची. मालकांच्या दृष्टीने ही चोरी. कामगारांच्या दृष्टीने जीव धोक्यात घालायचा वरचा मोबदला.

मालकांनी कपडे बदलायच्या खोल्या सक्तीच्या केल्या. खाणीतले कपडे इकडे काढायचे आणि घरचे कपडे तिकडे घालायचे. कामगार भडकले. युनियन जोरात होती. वर्षभर संप, टाळेबंदी, बंदुका असं सगळं सुरू राहिलं.

१९०७ च्या शरद ऋतूत न्यू यॉर्कचा शेअर बाजार कोसळला. देशभर रोकड आटली. गोल्डफील्डच्या खाणमालकांनी पगार रोख द्यायचं बंद करून बँकेच्या चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. ती चिठ्ठी उद्या बँक वटवेल का, याची हमी कोण देणार? नोव्हेंबरच्या शेवटी कामगारांनी काम बंद केलं.

खाणमालकांनी राज्यपालांना गळ घातली, राज्यपालांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना तार केली, आणि डिसेंबर १९०७ मध्ये अमेरिकी लष्कर गोल्डफील्डमध्ये उतरलं.

सैन्य आल्याबरोबर मालकांनी मजुरी कमी केली. आणि अट घातली की युनियन सोडल्याचं लिहून देणाऱ्यालाच काम मिळेल. रूझवेल्टने चौकशीला पाठवलेल्या आयोगाचा निष्कर्ष होता की सैन्य बोलवावं अशी परिस्थितीच गावात नव्हती. पण तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. राज्याने घाईने स्वतःचं पोलिस दल उभं केलं. १९०८ च्या मार्चमध्ये सैन्य परत गेलं. युनियन मोडली होती.

आणि त्याच वर्षी, काही महिन्यांतच, गोल्डफील्ड हॉटेलची दारं उघडली.

चार मजले. सुमारे दीडशे खोल्या. खोल्यांमध्ये टेलिफोन, विजेचे दिवे, वाफेवर चालणारी गरम व्यवस्था. लॉबीत महोगनी लाकूड. लिफ्ट. वाळवंटात, जिथे पाच वर्षांपूर्वी तंबू होते, तिथे हे उभं राहिलं होतं. उघडल्यावर लवकरच ते विंगफिल्डच्या मालकीचं झालं.

आता नीट लक्ष द्या, कारण गावाचं खरं रहस्य इथेच आहे.

हॉटेल उघडलं १९०८ मध्ये. १९१० च्या जनगणनेत गोल्डफील्डची लोकसंख्या भरली ४,८३८. म्हणजे ऐन भरातल्या २० हजारांपैकी तीनचतुर्थांश माणसं निघून गेली होती. हॉटेलच्या लॉबीतल्या लाकडाचा वास जाण्याआधी गाव रिकामं व्हायला लागलं होतं.

मग सोनं संपलं होतं का? अजिबात नाही. उलट १९१० मध्येच गोल्डफील्डमधून सगळ्यात जास्त सोनं निघालं. सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचं.

सोनं सगळ्यात जास्त आणि माणसं कमी, हे कसं काय?

कारण एक कंपनी. आता तुकडे भाड्याने देणं बंद झालं होतं. छोट्या माणसाला नशीब काढायला जागा उरली नव्हती. कंपनीने दगड भरडायला १०० मुसळांची प्रचंड गिरणी बांधली, जिथे यंत्रं रात्रंदिवस चालायची. कामगारांची मजुरी कमी, युनियन नाही. शेअर्सचा जुगार १९०७ च्या मंदीत बुडाला, त्यामुळे दलाल आणि सट्टेवाले पळाले. कंपनीला सोनं काढायला जेवढी माणसं लागत होती तेवढीच राहिली. आणि एवढ्या माणसांना दीडशे खोल्यांचं हॉटेल लागत नाही.

म्हणजे गाव मेलं ते सोनं संपल्यामुळे नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. सोन्याचा पैसा गावात फिरायचा थांबला म्हणून ते सुकायला लागलं. सोनं संपलं नंतर, हळूहळू. कंपनीची मोठी गिरणी १९१० चं दशक संपता संपता बंद पडली.

मग तो पैसा गेला कुठे? तर विंगफिल्डबरोबर, रिनोला.

१९०८ मध्ये त्याचं लग्न झालं आणि त्याने रिनो शहरात बस्तान हलवलं. गोल्डफील्डपासून वायव्येला सुमारे ४०० किलोमीटर. निक्सनशी असलेली भागीदारी १९०९ मध्ये संपली. १९१२ मध्ये निक्सन वारला आणि सिनेटची जागा रिकामी झाली. राज्यपालांनी ती विंगफिल्डला देऊ केली.

त्याने नाही म्हणून सांगितलं.

अमेरिकेच्या सिनेटची खुर्ची नाकारणारा माणूस विरळा. पण विंगफिल्डचा स्वभाव बघितला तर नवल नाही. टेबलावर बसून खेळण्यापेक्षा टेबलाचा मालक होणं त्याला जास्त पटायचं. त्याने सिनेट सोडलं आणि निक्सनच्या बँका घेतल्या. पुढच्या वीस वर्षांत नेवाडातल्या १२ बँका त्याच्या हातात आल्या.

तो स्वतः रिपब्लिकन. त्याचे वकील डेमोक्रॅट. दोन्ही पक्षांची सूत्रं त्याच्या बँकेच्या इमारतीतून हलतात, असं तेव्हा राज्यभर उघड बोललं जायचं. निवडणूक कुणीही जिंको, विंगफिल्ड हरत नसे.

१९२७ मध्ये त्याने रिनोमध्ये नदीकाठी रिव्हरसाइड हॉटेल बांधलं. हे हॉटेल कोणासाठी? घटस्फोट घ्यायला येणाऱ्यांसाठी. तेव्हा अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत घटस्फोट मिळणं महाकठीण होतं. नेवाडात ठराविक काळ राहिलं की मिळायचा. त्याच वर्षी ही मुदत सहा महिन्यांवरून तीन महिने झाली, आणि १९३१ मध्ये सहा आठवडे. त्याच १९३१ मध्ये जुगारही कायदेशीर झाला. खाणी आटल्यावर नेवाडाने कमाईचा जो नवा रस्ता धरला, त्यावर विंगफिल्ड आधीच दुकान लावून उभा होता.

आणि गोल्डफील्डचं हॉटेल? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याने ते विकून टाकलं होतं.

आता भुताच्या गोष्टीकडे परत या. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट १९३० च्या दशकातली म्हणून सांगतात. त्या वेळी हॉटेल विंगफिल्डच्या मालकीचंच नव्हतं. तो राहायला ४०० किलोमीटर लांब रिनोत. आणि १९३० नंतर त्याच्या मागे जे लचांड लागलं होतं ते बघता, गोल्डफील्डमधल्या एका खोलीची त्याला आठवण तरी होती का, हाच प्रश्न आहे.

याचा अर्थ माणूस धुतल्या तांदळासारखा होता असं नाही. टोनोपाच्या दिवसांत त्याच्याबरोबर राहिलेल्या एका स्त्रीने, आपण त्याची बायको आहोत असं सांगत त्याला कोर्टात खेचलं होतं. त्या प्रकरणाची तेव्हा चांगलीच चर्चा झाली. भुताच्या गोष्टीचं बी कदाचित अशाच कुजबुजीत असेल. पण कोर्टात गेलेली हाडामांसाची बाई कुणाला आठवत नाही. कहाणीतली एलिझाबेथ मात्र सगळ्यांना पाठ आहे.

विंगफिल्डच्या मागे लागलेलं लचांड काय होतं?

पहिला धक्का १९२७ चा. राज्याच्या तिजोरीतले ५ लाख डॉलरहून जास्त पैसे गायब झाल्याचं उघड झालं. राज्याचा खजिनदार, एक माजी खजिनदार आणि बँकेचा एक कॅशियर गुंतलेले होते. बँक विंगफिल्डची. त्याच्यावर स्वतःवर गुन्हा शाबीत झाला नाही. पण शेवटी तडजोड अशी झाली की बँकेने थोडा भाग भरायचा आणि उरलेला मोठा भाग जनतेच्या करातून. लोकांनी हे लक्षात ठेवलं.

दुसरा धक्का त्याला घेऊन बुडाला. विंगफिल्डच्या बँकांनी मेंढपाळांना आणि पशुपालकांना भरपूर कर्जं दिली होती. स्वतः गुरांमागे वाढलेला माणूस, त्यांचा धंदा त्याला कळायचा. पण १९२९ नंतर महामंदी आली. लोकरीचे आणि मांसाचे भाव कोसळले. वर दुष्काळ. चारा नाही, पाणी नाही. तारण म्हणून लिहून घेतलेल्या मेंढ्यांना घेणारा नाही.

विंगफिल्डने कर्जवसुलीसाठी मेंढपाळांचे कळप लिलावात काढले नाहीत. त्याने सरकारी महामंडळाकडून लाखो डॉलरची कर्जं काढली आणि बँका चालू ठेवायचा प्रयत्न केला. पण भोक मोठं होतं. १ नोव्हेंबर १९३२ ला नेवाडात बँका बंद ठेवायचा आदेश निघाला. रूझवेल्टने, म्हणजे दुसऱ्या रूझवेल्टने, फ्रँकलिन यांनी, देशभरातल्या बँका बंद केल्या त्या मार्च १९३३ मध्ये. नेवाडावर ती वेळ चार महिने आधीच आली होती.

विंगफिल्डच्या बाराच्या बारा बँका पुन्हा उघडल्या नाहीत. दुकानदार, शिक्षक, मेंढपाळ, खाणकामगार, सगळ्यांच्या ठेवी अडकल्या. १९३५ मध्ये विंगफिल्ड स्वतः दिवाळखोर ठरला.

वय ५९. पत्त्यांच्या टेबलावरून सुरू झालेला माणूस पुन्हा शून्यावर.

सिनेमा इथे संपला असता. पण विंगफिल्ड परत उभा राहिला, आणि तोही खाणीवरच. नोबल गेचेल नावाच्या जुन्या साथीदाराबरोबर त्याने नेवाडाच्या उत्तर भागात एक सोन्याची खाण सुरू केली. गेचेल माइन. १९३० चं दशक संपायच्या आत तिथून सोनं निघायला लागलं आणि म्हातारपणी तो पुन्हा श्रीमंत झाला. २५ डिसेंबर १९५९ ला, ऐन नाताळच्या दिवशी, ८३ व्या वर्षी रिनोमध्ये वारला.

तोपर्यंत गोल्डफील्डचं काय झालं होतं?

१९१३ मध्ये पुराने घरं वाहून नेली. १९२३ मध्ये आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. लाकडी घरं, दुकानं, सगळं. दगडाच्या इमारती तेवढ्या वाचल्या. आज फोटोत दिसणाऱ्या इमारती अशा एकेकट्या, लांब लांब का उभ्या आहेत, त्याचं हे कारण. त्यांच्यामध्ये पूर्वी गल्ल्या होत्या.

हॉटेल मिणमिणत चालू होतं. दुसऱ्या महायुद्धात टोनोपाला लष्करी विमानतळ झाला, तेव्हा तिथले लोक या हॉटेलात राहायला होते. युद्ध संपलं, ते गेले, आणि कुलूप लागलं. १९४७ मध्ये रेल्वेही बंद झाली.

त्यानंतर हॉटेल एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. १९८० च्या दशकात दुरुस्तीचं काम सुरू झालं, अर्ध्यात पैसे संपले. पुढे इमारत काउंटीच्या ताब्यात आली आणि काउंटीने २००३ मध्ये ती लिलावात विकली. प्रत्येक वेळी घोषणा झाली की आता हॉटेल उघडणार. ते उघडलं नाही.

का उघडत नाही? हिशोब साधा आहे. शहरात जुनी इमारत धोक्यात येते, कारण जागेला भाव असतो. कुणीतरी ती पाडून टॉवर बांधायला टपलेला असतो. वाळवंटात उलटं असतं. जागेला भाव नाही, म्हणून पाडायला कुणी येत नाही. पण भाव नाही म्हणूनच दुरुस्तीलाही कुणी येत नाही. दीडशे खोल्या दुरुस्त करायला जो खर्च येईल, तो शे-दोनशे वस्तीच्या गावात वसूल कसा होणार? कोरड्या हवेत लाकूड लवकर कुजत नाही, दगड झिजत नाही. त्यामुळे इमारती मरत नाहीत आणि जगतही नाहीत. नुसत्या उभ्या राहतात.

हॉटेल एकटं नाही. १९०७ च्या सुमारास बांधलेलं गोल्डफील्ड हायस्कूल १९५० च्या दशकापासून बंद आहे. त्याच्या भिंती आणि छत ढासळत चाललं होतं. स्थानिक इतिहासप्रेमींची संस्था सरकारी अनुदानं आणि देणग्या गोळा करून ते थोडं थोडं सावरतेय. एस्मेराल्डा काउंटीत आज एकही चालू हायस्कूल नाही. पोरं शेजारच्या काउंटीत टोनोपाला शिकायला जातात. ज्या गावाने शाळेला दगडी इमारत दिली, त्या गावात आज ती भरायला पोरं नाहीत.

एक इमारत मात्र आजही नीट आहे. काउंटीचं कोर्ट. १९०७ चंच, दगडी, आत न्यायाधीशांच्या टेबलावर तेव्हाचे महागडे टिफनी दिवे अजून लागतात. ते का टिकलं? काही खास जतन केलं म्हणून नाही. रोज सकाळी कुणीतरी दार उघडतं, संध्याकाळी लावतं. छत गळलं की कुणाच्या तरी फायलींवर पाणी पडतं, म्हणून ते लगेच दुरुस्त होतं. जुनी इमारत वाचवायचा याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही.

रिनोचं रिव्हरसाइड हॉटेलही असंच वाचलं. तेही मधे बंद पडलं होतं. पण शहर मोठं होतं, वापरणारे सापडले, आणि आज तिथे कलाकारांसाठी घरं आहेत. मालक एकच, दोन हॉटेलं. एकात माणसं स्वयंपाक करतायत, दुसऱ्यात लोक भूत शोधतायत. फरक एवढाच की एकाच्या आजूबाजूला शहर उरलं, दुसऱ्याच्या उरलं नाही.

आता कुणी म्हणेल, भुताच्या गोष्टीने काय बिघडलं? चार लोक बघायला येतात, दोन पैसे गावात खर्च करतात. बरोबर आहे. एलिझाबेथ नसती तर गोल्डफील्डचं नाव तुम्ही-आम्ही ऐकलंही नसतं. गावातल्या लोकांनाही हे माहीत आहे.

पण त्या गोष्टीची एक किंमत आहे. ती ऐकली की वाटतं, एका दुष्ट माणसाने एका खोलीत एक पाप केलं आणि त्याचा शाप गावाला लागला. खरं जे झालं ते कुठल्याही खोलीत लपून झालं नाही. दिवसाढवळ्या झालं, सह्या करून झालं. खाणी एका हातात आल्या, सैन्य आलं, मजुरी कमी झाली, छोटी माणसं निघून गेली, पैसा रिनोला गेला आणि पुढे तिथेही बुडाला. चोरखिशात दगड लपवणारा कामगार, चिठ्ठीवर पगार घ्यायला नकार देणारा कामगार, १९३२ मध्ये बँकेच्या बंद दारासमोर उभा राहिलेला मेंढपाळ, यांच्यातल्या कुणाचंही भूत या हॉटेलात फिरत नाही. त्यांच्यावर व्हिडिओ बनत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तो व्हिडिओ समोर आला आणि कॅमेरा १०९ नंबरच्या खोलीत गेला, तर रेडिएटरकडे बघू नका. खिडकीतून बाहेर बघा. तिथे जी मोकळी जमीन दिसते, तिथे एकेकाळी २० हजार माणसं राहायची.